स्थळाची मोकळीक आणि कालाची शिस्त
(मद्यगृहातील मासिक साहित्यवाचनाचा एक विचार)

१. प्रास्ताविक

साहित्यव्यवहाराचा विचार करताना लेखक, साहित्यकृती आणि वाचक या त्रयीचा विचार प्राधान्याने केला जातो. प्रकाशक, नियतकालिके, ग्रंथालये, पारितोषिके या संस्थांचाही साहित्याच्या समाजशास्त्राने परामर्श घेतलेला आहे. तथापि, मुद्रित साहित्य जेथे मोठ्याने वाचले जाते आणि ऐकले जाते, त्या स्थळाचा विचार मात्र बहुधा आठवणींच्या आणि व्यक्तिचित्रांच्या पातळीवरच राहतो. अमुक कवी अमुक हॉटेलात बसत असे, तमुक कथेचे पहिले वाचन तमुक मित्राच्या खोलीवर झाले, अशा नोंदी चरित्रपर लेखनात विपुल आढळतात. त्यांतून साहित्याच्या जडणघडणीविषयी काही निष्कर्ष काढण्याचा प्रयत्न सहसा होत नाही.

प्रस्तुत निबंधात अशाच एका स्थळाचा आणि तेथे रुजलेल्या एका प्रथेचा विचार करावयाचा आहे. न्यूयॉर्क शहराच्या ईस्ट व्हिलेज भागातील ‘केजीबी बार’ हे मद्यगृह आणि तेथे दर महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी होत आलेली ‘फँटॅस्टिक फिक्शन’ ही कथावाचनमाला हा या निबंधाचा विषय होय. परदेशातील एका बारमध्ये होणाऱ्या वाचनाचा मराठीच्या अभ्यासकाशी काय संबंध, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, मराठीत काव्यगायन, काव्यवाचन आणि कथाकथन यांच्या समृद्ध परंपरा आहेत. परंतु त्या परस्परांपासून कोणत्या तत्त्वावर वेगळ्या होतात, याची मीमांसा अपुरी आहे. संपूर्णपणे वेगळ्या परिस्थितीत वाढलेली एक प्रथा समोर ठेवली असता आपल्या प्रथांची वैशिष्ट्ये आणि त्यांतील उणिवा अधिक स्पष्ट होतात. या तुलनेतून एक विधान पुढे मांडावयाचे आहे : अशा वाचनमालेचे सामर्थ्य मद्यगृहाच्या रंगतदार वातावरणात नसून स्थळाची मोकळीक आणि कालाची शिस्त यांच्या संयोगात आहे. मराठीत या दोन्ही गोष्टी होत्या आणि आहेत. मात्र त्या क्वचितच एकत्र आल्या.

२. पूर्वपीठिका

केजीबी बार ज्या परिसरात आहे, त्या परिसराला अनौपचारिक वाचनाचा दीर्घ इतिहास आहे. मॅनहॅटनच्या आग्नेय भागातील ही वस्ती मुळात स्थलांतरितांची आणि श्रमिकांची. कमी भाड्याच्या खोल्यांमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे कवी-चित्रकारांनी आश्रय घेतला. साठोत्तरी काळाच्या आरंभी ‘ले मेट्रो’ या कॉफीगृहात नियमित काव्यवाचने होत. १९६४ मध्ये नगरप्रशासनाने या कॉफीगृहावर परवान्याविना करमणुकीचे कार्यक्रम केल्याबद्दल कारवाई केली. काव्यवाचन ही कायद्याच्या भाषेतील ‘करमणूक’ आहे काय, हा प्रश्न त्यामुळे निर्माण झाला. ॲलन गिन्सबर्गसह अनेक कवी या कारवाईविरुद्ध संघटित झाले आणि प्रशासनाला माघार घ्यावी लागली. दोन वर्षांनी, म्हणजे १९६६ मध्ये, याच परिसरातील सेंट मार्क्स चर्चमध्ये ‘पोएट्री प्रोजेक्ट’ ही संस्था सुरू झाली. कॉफीगृहाच्या मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या वाचनाला तेथे संस्थात्मक आधार मिळाला.

या घटनेचे महत्त्व दुहेरी आहे. काव्यवाचनाकडे शासन, व्यापार आणि कवी हे तीन घटक तीन वेगळ्या दृष्टींनी पाहतात, हे तिच्यामुळे दिसून येते. शासनाच्या दृष्टीने तो परवान्याचा विषय, मालकाच्या दृष्टीने गिऱ्हाईक आणण्याचा आणि कवीच्या दृष्टीने अभिव्यक्तीचा. शिवाय, भाड्याच्या वा उसन्या जागेतील वाचन किती अस्थिर असते, याचीही साक्ष येथे मिळते.

पोर्तो रिकोतून आलेल्या समाजातील कवींचा ‘न्यूयोरिकन पोएट्स कॅफे’ हे या परंपरेतील दुसरे ठळक उदाहरण. १९७३ मध्ये मिगेल आल्गारिन या कवी-प्राध्यापकाच्या राहत्या घरी भरणाऱ्या बैठकींतून त्याचा उगम झाला. घर अपुरे पडू लागल्यावर १९७५ मध्ये पूर्व सहाव्या रस्त्यावरील एका आयरिश बारची जागा घेण्यात आली. मान्यताप्राप्त इंग्रजीच्या कक्षेत न बसणारी, दोन भाषांच्या सीमेवरची त्यांची बोली प्रथम ज्या ठिकाणी निःसंकोचपणे ऐकली गेली, ते ठिकाण एक बार होते. १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली, तेव्हा मराठी कवितेतही प्रमाणभाषेच्या चौकटीबाहेरील शब्दकळेला वाट मिळत होती. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही; परंतु प्रस्थापित व्यासपीठांनी नाकारलेली भाषा स्वतःसाठी वेगळी श्रवणस्थळे शोधते, हे सूत्र दोन्हीकडे समान आहे.

३. केजीबी बार आणि तेथील वाचनमाला

केजीबी बार १९९३ मध्ये पूर्व चौथ्या रस्त्यावर सुरू झाला. डेनिस वॉयचक हे त्याचे संस्थापक. ते व्यवसायाने वकील आणि लेखकही. ज्या इमारतीत हा बार आहे, ती पूर्वी युक्रेनियन श्रमिकांच्या डाव्या विचारांच्या संघटनेची वास्तू होती. रस्त्यावरून जिना चढून गेल्यावर लागणारी ही लहानशी खोली, तिच्या लाल भिंती आणि त्यांवरील सोव्हिएत काळातील प्रचारचित्रे यांमधून त्या इतिहासाच्या खुणा जाणीवपूर्वक जपलेल्या आहेत. सोव्हिएत संघाचे विघटन १९९१ मध्ये झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी त्या राज्याच्या गुप्तहेर संघटनेचे नाव एका अमेरिकन मद्यगृहाने धारण करावे, यातील उपरोध उघड आहे.

बार सुरू झाल्यानंतर अल्पावधीतच तेथे वाचने होऊ लागली. कथावाचनाची माला प्रथम स्थिर झाली आणि तेथे वाचलेल्या साहित्याचा केन फॉस्टर यांनी संपादित केलेला संग्रह १९९८ मध्ये निघाला. १९९७ मध्ये डेव्हिड लेहमन आणि स्टार ब्लॅक यांनी सोमवारच्या काव्यवाचनास प्रारंभ केला. त्यातील कवितांचा संग्रह २००० मध्ये प्रसिद्ध झाला. ‘फँटॅस्टिक फिक्शन’ ही मासिक माला १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस टेरी बिसन आणि ॲलिस टर्नर यांनी सुरू केली. बिसन हे विज्ञानकथाकार, तर टर्नर या कथासाहित्याच्या संपादक. पुढे एलेन डॅटलो यांनी सूत्रे घेतली. ‘ऑम्नी’ या नियतकालिकाच्या कथाविभागाचे संपादन त्यांनी दीर्घकाळ केले होते. त्यांच्याबरोबर आधी गॅविन ग्रँट आणि २००८ पासून मॅथ्यू क्रेसेल हे सहसंयोजक राहिले.

मालेची रचना साधी आहे. महिन्याचा तिसरा बुधवार, संध्याकाळी सातची वेळ, दोन लेखक, मध्ये विश्रांती. प्रवेशमूल्य नाही. श्रोत्याने एखादे पेय विकत घ्यावे, एवढीच अपेक्षा. लेखक आपली प्रकाशित किंवा प्रकाशनाच्या वाटेवर असलेली कथा, अथवा कादंबरीतील एखादे प्रकरण, हातात कागद घेऊन वाचतो. अध्यक्ष नाही, प्रमुख पाहुणा नाही, दीपप्रज्वलन नाही, आभारप्रदर्शनाचे भाषण नाही. संयोजक लेखकाचा थोडक्यात परिचय करून देतो आणि बाजूला होतो. खर्चासाठी २०१० नंतरच्या दशकात चाहत्यांकडून वर्गणी गोळा करण्यात आली. तिच्यातून लेखकांना अल्प मानधन आणि वाचनानंतरचे जेवण दिले जाई.

या रचनेतील दोन बाबी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली बाब निवडीची. ही माला सर्वांना खुल्या असलेल्या व्यासपीठासारखी नाही. येथे कोणीही उठून वाचू शकत नाही. संयोजक लेखकांना निमंत्रित करतात. दीर्घकाळ हे काम संपादकांच्या हाती राहिल्यामुळे मालेला नियतकालिकाचे रूप आले. प्रत्येक बुधवार हा जणू एक अंक, दोन लेखक ही त्याची अनुक्रमणिका. परस्परांहून भिन्न प्रकृतीचे, एक नामवंत आणि एक तुलनेने नवा असे दोन लेखक एकत्र आणले म्हणजे एकासाठी आलेल्या श्रोत्याला दुसरा आपोआप ऐकावयास मिळतो. नियतकालिकाचा चांगला संपादक अंकाच्या मांडणीतून हेच साधत असतो.

दुसरी बाब साहित्यप्रकाराची. येथे वाचल्या जाणाऱ्या कथा विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि भयकथा या वर्गांत मोडतात. विद्यापीठीय अभ्यासात या प्रकारांना दीर्घकाळ दुय्यम स्थान होते. ज्या साहित्याला अध्यापनकक्षात जागा नव्हती, त्याला बारमध्ये जाणकार श्रोता लाभला. मराठीतील स्थिती या संदर्भात पाहण्यासारखी आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने पाठविलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पारितोषिकपात्र ठरली आणि २०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. या अर्धशतकात मराठी विज्ञानकथेचा प्रवास मुख्यत्वे स्पर्धा, नियतकालिके, दिवाळी अंक आणि ग्रंथ यांच्याद्वारे झाला. तिला वाचक मिळाला, पारितोषिके मिळाली, अखेरीस सर्वोच्च व्यासपीठही मिळाले. समव्यवसायी लेखक आणि नेहमीचे श्रोते यांच्यासमोर कथा महिन्यामागून महिने कानांवर पडत राहावी, अशी श्रवणपरंपरा मात्र तिच्याभोवती निर्माण झाली नाही.

४. गायन, कथन, वाचन आणि प्रयोग

मद्यगृहात साहित्य वाचले जाते म्हणजे ते अपरिहार्यपणे रंजनाकडे झुकते, असा एक समज आहे. तो कितपत ग्राह्य आहे, हे तपासण्यासाठी शिकागोचे उदाहरण उपयुक्त ठरते. बांधकामावर काम केलेल्या मार्क स्मिथ या कवीने जुलै १९८६ मध्ये तेथील ‘ग्रीन मिल’ या जाझ क्लबमध्ये ‘पोएट्री स्लॅम’ या प्रकारास आरंभ केला. यात कवितेची स्पर्धा होते. श्रोत्यांमधूनच परीक्षक निवडले जातात आणि ते प्रत्येक सादरीकरणाला शून्य ते दहा यांमधील गुण देतात. इतर श्रोते टाळ्या, चुटक्या, पाय आपटणे अशा मार्गांनी पसंती-नापसंती व्यक्त करतात. साहजिकच कवी कागद बाजूला ठेवून कविता मुखोद्गत करू लागला. आवाज, हावभाव आणि शरीर यांचा तिच्यात समावेश झाला. १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे या प्रकाराची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली.

ग्रीन मिल आणि केजीबी बार ही दोन्ही मद्यगृहेच. पहिल्यात साहित्याचा ‘प्रयोग’ झाला, तर दुसऱ्यात ‘वाचन’ हे वाचनच राहिले. यावरून स्थळ स्वतःहून सादरीकरणाचा प्रकार ठरवीत नाही, असे म्हणावे लागते. तो ठरतो संकेतांनी. गुणदान, कालमर्यादा आणि जाहीर पसंती हे संकेत लागू केले की शब्द प्रयोगाकडे सरकतो. निमंत्रण, शांतता आणि हातातील कागद हे संकेत पाळले की तो मुद्रित संहितेशी बांधलेला राहतो. मद्यगृहासारख्या ठिकाणी शांतता गृहीत धरता येत नाही, ती श्रोत्यांनी आपणहून निर्माण करावी लागते. सभागृहातील शांतता ही शिष्टाचाराची शांतता असते. तिच्यावरून श्रोता ऐकतो आहे की नाही, हे कळत नाही. जेथे बोलण्याची, उठून जाण्याची आणि पाठ फिरवून पेला भरून घेण्याची मुभा आहे, तेथे खोली स्तब्ध झाली तर ती स्तब्धता लेखकासाठी अधिक विश्वसनीय प्रतिसाद ठरते.

मराठीतील परंपरांकडे या दृष्टीने पाहिले असता त्यांच्यातील भेद अधिक नेमकेपणाने मांडता येतात. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे मूळ रविवारच्या चहाच्या बैठकीत होते, हे सर्वश्रुत आहे. घरगुती आणि नियमित अशा त्या बैठकींत कविता प्रथम समव्यवसायी मित्रांसमोर येत असे. मात्र मंडळातील कवींची कविता लोकांपर्यंत पोहोचली ती काव्यगायनाच्या द्वारे. गायनामुळे कवितेला श्रोतृवर्ग लाभला. परंतु आशयापेक्षा चालीला महत्त्व येण्याचा धोकाही त्यातून उत्पन्न झाला. नवकवितेनंतर विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी महाराष्ट्रभर एकत्रित काव्यवाचने करून गायनाऐवजी वाचनाला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्या वाचनात नाट्य होते, तथापि शब्द हाच केंद्रस्थानी राहिला.

गद्याच्या बाबतीत मात्र निराळे घडले. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाने मराठी श्रोत्याला अपूर्व आनंद दिला. कथाकथनात कथा सांगितली जाते, वाचली जात नाही. मोठ्या समुदायासमोर सांगावयाची कथा प्रसंगप्रधान, संवादप्रधान आणि बहुधा विनोदप्रधान असावी लागते. ज्या कथेचे सामर्थ्य निवेदनाच्या पोतात, वाक्यांच्या लयीत किंवा सूचकतेत आहे, ती या रीतीत मागे पडते. नवकथेतील अंतर्मुख कथा कथाकथनाच्या व्यासपीठावर फारशी रुजली नाही, याचे एक कारण येथे शोधता येईल. अशा कथेला ‘कथन’ नव्हे, तर ‘वाचन’ अनुकूल असते. आणि गद्यवाचनाला हजारांचा समुदाय नको असतो, तर लहान खोली, जवळ बसलेला श्रोता आणि पुरेसा वेळ हवा असतो. केजीबी बारमधील मालेने गद्यासाठी नेमकी हीच सोय केली. कथा सांगण्याचे कौशल्य नसलेला, किंचित अडखळत वाचणारा लेखकही तेथे ऐकला जाऊ शकतो. लेखकाने उत्तम नट असले पाहिजे, ही अट तेथे नाही.

५. मोकळीक : कोणासाठी?

स्थळाच्या मोकळिकीचा उल्लेख वर अनेकदा आला. तिची मर्यादाही सांगणे आवश्यक आहे. अन्यथा हे विवेचन एकांगी होईल. मद्यगृह हे ‘सर्वांसाठी खुले’ स्थळ आहे, हे विधान इतिहासाच्या कसोटीवर पूर्णतः टिकत नाही. केजीबी बारपासून अगदी जवळ, पूर्व सातव्या रस्त्यावर, ‘मॅकसॉर्लीज’ हा जुना बिअरबार आहे. जोसेफ मिचेल यांच्या १९४३ मधील पुस्तकामुळे त्याला अमेरिकन साहित्यात स्थान मिळाले. या बारमध्ये १९७० पर्यंत स्त्रियांना प्रवेश नव्हता. न्यायालयीन लढ्यानंतर तो मिळाला. म्हणजे ज्या स्थळाचे वर्णन साहित्यात आत्मीयतेने झाले, ते स्थळ निम्म्या समाजाला बंद होते. ‘फँटॅस्टिक फिक्शन’ मालेच्या संस्थापकांत एक स्त्री असावी आणि नंतर तिची धुरा मुख्यतः एका स्त्री-संपादकाने वाहावी, याचे मोल या पार्श्वभूमीवर अधिक जाणवते.

इतरही अडसर आहेत. न्यूयॉर्क राज्यात १९८५ पासून मद्यपानासाठी किमान वय २१ वर्षे आहे. त्यामुळे महाविद्यालयात साहित्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांसाठी मद्यगृह हे स्वाभाविक स्थळ होऊ शकत नाही. जिना चढू न शकणाऱ्या श्रोत्याला वरच्या मजल्यावरची खोली दुर्गम आहे. मद्य वर्ज्य मानणाऱ्या व्यक्तीला तेथे पाऊल ठेवणेही अवघड वाटेल. प्रवेश विनामूल्य असला, तरी पेयाची किंमत हेच एक प्रकारचे अप्रत्यक्ष प्रवेशमूल्य ठरते.

महाराष्ट्राच्या संदर्भात हा प्रश्न अधिक जटिल होतो. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ने मद्य आणि कौटुंबिक विनाश यांचे समीकरण मराठी मनात खोलवर रुजविले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने त्याला शासकीय बळ दिले. दारूच्या गुत्त्याचा अनुभव दलित आणि श्रमिक वस्त्यांमधील स्त्रियांसाठी काव्यात्म नव्हता, तर जाचाचा होता. त्यामुळे मद्यगृहातील वाचनाची प्रथा जशीच्या तशी उचलून येथे आणावी, असे सुचविणे उथळपणाचे होईल. अनुकरण करावयाचे ते मद्याचे नव्हे. प्रश्न असा आहे की, ज्या स्थळी साहित्यिकाला उच्चासन नाही आणि श्रोत्याला अवघडलेपण नाही, असे स्थळ आपल्या साहित्यव्यवहाराने निर्माण केले आहे काय?

हा प्रश्न नवा नाही. न्यायमूर्ती रानडे प्रभृतींच्या पुढाकाराने भरणाऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण १८८५ मध्ये महात्मा फुले यांनी नाकारले. ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या हिताला आणि अनुभवाला स्थान नाही, तिच्यात सहभागी होण्याचे प्रयोजन नाही, अशी त्यांची भूमिका होती. साहित्याच्या व्यासपीठावर कोण बसतो आणि खाली कोण असतो, या प्रश्नाशी मराठी साहित्यसंमेलनाच्या इतिहासाची सुरुवातच अशी जोडलेली आहे. दलित, ग्रामीण, आदिवासी, विद्रोही अशा संमेलनांनी या प्रश्नाला आपापली उत्तरे दिली. तथापि व्यासपीठ, अध्यक्ष, उद्घाटन, ठराव ही संमेलनाची रचना बहुतांशी तशीच राहिली. व्यासपीठावरची माणसे बदलली, व्यासपीठ उरलेच.

६. शिस्त : कालाची

स्थळाच्या मोकळिकीला पूरक असा दुसरा घटक म्हणजे कालाची शिस्त. मराठीत औपचारिक स्थळांबाहेरचे साहित्यजीवन कधीच कमी नव्हते. मुंबईतील काळा घोडा भागातील ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहात अरुण कोलटकर आणि त्यांचे मित्र वर्षानुवर्षे बसत. त्या खिडकीतून दिसलेले जग २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’ या इंग्रजी संग्रहात अवतरले. तेथील बैठक नियमित होती, तीत साहित्यचर्चाही होत असे. परंतु ती मित्रांची बैठक होती. अनोळखी वाचकाने येऊन ऐकावे, अशी ती योजना नव्हती. अड्ड्यात प्रवेश मैत्रीने मिळतो. वाचनमालेत तो तारखेने मिळतो. हा भेद मूलभूत आहे.

याच पिढीने मराठीत लघुनियतकालिकांची चळवळ उभी केली. १९५४ मध्ये निघालेल्या ‘शब्द’पासून साठच्या दशकातील ‘असो’ इत्यादी प्रकाशनांपर्यंतच्या या चळवळीने ‘अनियतकालिक’ ही संज्ञा अभिमानाने मिरविली. ठरावीक तारखेला, ठरावीक पृष्ठांचा अंक काढण्याची सक्ती म्हणजे प्रस्थापितांची चाकोरी, अशी तिची धारणा होती. त्या काळात ही बंडखोरी अर्थपूर्ण होती. मात्र तिची किंमतही मोजावी लागली. अंक केव्हा येईल हे ठाऊक नसलेल्या वाचकाला प्रतीक्षेची सवय लागत नाही, आणि प्रतीक्षेवाचून वाचकवर्ग घडत नाही. बंडखोर साहित्याने स्थळाबरोबर काळाचेही बंधन झुगारले, तर प्रस्थापित साहित्याने दोन्ही बंधने राखली. १८७५ मध्ये सुरू झालेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला किंवा वार्षिक साहित्यसंमेलन यांनी कालाची शिस्त कसोशीने पाळली. परंतु स्थळ आणि संकेत औपचारिकच राहिले.

केजीबी बारमधील मालेचे वेगळेपण येथे स्पष्ट होते. तिने स्थळ मोकळे निवडले आणि काळ मात्र घट्ट धरला. तिसरा बुधवार म्हटले की तिसरा बुधवार. निमंत्रणपत्रिका आली नाही, वाचणारा लेखक परिचित नसला, तरी नेहमीच्या श्रोत्याला त्या दिवशी कोठे जावयाचे हे ठाऊक असते. हे तत्त्व मराठी माणसाला अपरिचित नाही. एकादशीच्या कीर्तनाला निमंत्रण लागत नसे. बुवा कोण आहेत याची चौकशी न करताही श्रोता देवळात जाई, कारण तिथी ठरलेली असे. वारकरी संप्रदायाने श्रवणाला पंचांगाशी जोडले आणि त्यातून पिढ्यान्‌पिढ्यांचा श्रोता घडविला. त्या श्रोत्याला चांगले आणि सामान्य निरूपण यांतील फरक कळे, कारण त्याने दोन्ही पुष्कळ ऐकलेले असे. नियमित श्रवणाचा हाच लाभ आहे. वर्षातून एकदा दोनशे कवी ऐकून अभिरुची घडत नाही. दर महिन्याला दोन लेखक ऐकून ती घडू शकते.

या शिस्तीची कसोटी २०२० मध्ये लागली. साथरोगामुळे मार्च महिन्यात न्यूयॉर्कमधील मद्यगृहे बंद झाली. माला बंद पडली नाही. ती दूरप्रक्षेपणाद्वारे चालू राहिली आणि पुढे परिस्थिती निवळल्यावर बारमध्ये परतली. मद्यगृह हाच मालेचा प्राण असता, तर मद्यगृहाबरोबर तीही थांबली असती. ती टिकली, ती ठरलेल्या दिवसाच्या आधारावर. त्याचबरोबर ती पुन्हा त्या खोलीत परतली, हेही तितकेच बोलके आहे. पडद्यावरील वाचन दूरच्या श्रोत्यापर्यंत पोहोचते. परंतु वाचनानंतर लेखकाशेजारी उभे राहून चार शब्द बोलण्याची संधी ते देऊ शकत नाही.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक, साहित्यवाचनाचे स्थळ हे केवळ पार्श्वभूमी नसून साहित्यव्यवहारातील एक संस्था आहे. परंतु तिचा परिणाम स्थळापेक्षा तेथील संकेतांवर अधिक अवलंबून असतो. दोन, गायन, कथन, प्रयोग आणि वाचन हे चार भिन्न व्यवहार असून प्रत्येकाला अनुकूल असे साहित्यप्रकार वेगळे आहेत. मराठीत गद्याचे ‘वाचन’ हा त्यांपैकी सर्वांत उपेक्षित व्यवहार होय. तीन, स्थळाची मोकळीक ही नेहमीच सापेक्ष असते. ती कोणाला मिळते आणि कोणाला नाकारली जाते, हा प्रश्न प्रत्येक स्थळाबाबत विचारावा लागतो. चार, श्रोता घडतो तो नियमिततेमुळे.

या निष्कर्षांचा संबंध अध्यापनाशीही पोहोचतो. पदव्युत्तर वर्गात कथा ‘शिकविली’ जाते. ती अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचली जाण्याचा प्रसंग विरळा. विद्यार्थी कथेचे आशयसूत्र, निवेदनपद्धती, पात्रचित्रण यांवर लिहू शकतो, परंतु तिच्या वाक्यांचा नाद त्याच्या कानी क्वचितच पडलेला असतो. त्यासाठी मद्यगृहाची आवश्यकता नाही. महाविद्यालयाच्या उपाहारगृहातील एक कोपरा, तालुक्याच्या वाचनालयाची ओसरी किंवा विभागाचीच एखादी खोली पुरेशी आहे. अध्यक्ष नको, हारतुरे नकोत, अहवालासाठी छायाचित्र नको. महिन्याचा एक दिवस ठरलेला असावा, दोन वाचणारे असावेत आणि ऐकावयास आलेल्या प्रत्येकाला उठून जाण्याची मोकळीक असावी. या मोकळिकीनंतरही जो बसून राहील, तो साहित्याचा खरा श्रोता. मराठी कथेला अशा श्रोत्याची आज नितांत गरज आहे.